आंधळा स्क्रू

मुलुंडच्या त्या सोसायटीत जयंतीच्या जुन्या फियाटवर सगळ्यांचा डोळा होता. म्हणजे गाडीवर नाही, गाडीखालच्या जागेवर. सेक्रेटरी हर्षदने मीटिंगमध्ये ठरावच करून टाकला: रविवारी सकाळी जी गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाणार नाही, ती भंगारात. अख्ख्या आवारात बंद गाडी एकच, मग ठराव कुणासाठी होता हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"काकू, मनाला लावून घेऊ नका," हर्षद म्हणाला. "वस्तूत जीव अडकवू नये."

"जीव माझा ना? कुठे अडकवायचा ते मी बघेन," जयंती म्हणाली.

घर सासऱ्यांनी घेतलेलं, आडनाव नवऱ्याचं, पण फियाट तिची. घाटकोपरच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून तपासून, स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घेतलेली. बाईमाणसाला गाडी कशाला, असं सासरे तेव्हा म्हणाले होते. पुढे त्यांनाच ती दवाखान्यात न्यायची, तेव्हा मागच्या सीटवर कसे गुमान बसायचे. अशी गाडी ती या हर्षदच्या सांगण्यावरून भंगारात घालणार? मेली तरी नाही.

अडचण एकच. नवरा चंद्रप्रकाश कार्बोरेटर साफ करायला म्हणून खोलून बसला आणि त्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेला. सुटे भाग चकलीच्या डब्यात तसेच राहिले. कुठला कुठे बसतो हे सांगणारा माणूसच उरला नाही.

शनिवारी तिने नाक्यावरच्या देवेश मेकॅनिकला बोलावलं. त्याचा हात नव्या गाड्यांवर बसलेला, तरी बिचाऱ्याने नवी बॅटरी आणली, डबा पेपरवर ओतला आणि झिजलेल्या खुणा बघत एकेक तुकडा जुळवला. शेवटी कार्बोरेटरमध्ये एक भोक रिकामं राहिलं आणि हातात एक काळपट पितळी स्क्रू उरला.

"मावशी, इथे जेट लागतो. पेट्रोल त्यातूनच जातं. तो हरवलाय तुमचा."

"आणि हा काय आहे?"

"हा कसला तरी आंधळा स्क्रू. जेटला आरपार बारीक भोक असतं, हा तर भरीव आहे. आता आजच्या आज जेट कुठून मिळणार? सोडून द्या."

जयंतीने सोडून दिलं नाही. स्क्रू खिडकीपाशी नेला, नखाने खरवडला. नखात लाल आलं. कुंकू!

खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात, नवरा गेल्यापासून ती हा डबा पाटावर रिकामा करायची. पाणी शिंपडून एकेका भागाला हळद-कुंकू वाहायची. विधवेने कुंकवाला हात लावू नये, असं नणंद म्हणाली, त्या वर्षी तर तिने मुद्दाम चिमटीने नाही, मुठीने वाहिलं. तेच ओलं कुंकू भागांवरच्या तेलात कालवलं जाऊन या स्क्रूच्या भोकात दगडासारखं घट्ट बसलं होतं.

"देवेश, थांब रे," ती म्हणाली. तिला हसू आवरेना. "हरवलाय कसला, बुजवलाय मी. हे आमच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या निपलसारखंच आहे."

माळ्यावरच्या डब्यात स्टोव्हची पिन अजून होती. जेट पेट्रोलमध्ये भिजत घातला, मग भोक मोठं होऊ न देता तिने हलक्या हाताने पिन फिरवली. लाल गाळ निघत राहिला आणि शेवटी पलीकडचा उजेड दिसला. देवेशने जेट रिकाम्या जागी फिरवला, तर आटे बरोबर बसले. नणंद काहीही म्हणो, यंदाही पूजा होणार होती, फक्त कुंकवाऐवजी फूल वाहून.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो फियाटच्या तोंडाशीच उभा होता. गॅलऱ्या भरल्या होत्या. जयंतीने पदर खोचला, चोक ओढला, चावी फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली. वरून कुणीतरी हसलं. तिने मान वर केली नाही. परत चावी फिरवली. इंजिनाने धूर ओकला आणि धडधडत चालू झालं.

"झकास, काकू," हर्षद ओढूनताणून हसला. "पण मी टेम्पो बोलावलाय ना. त्याला आता रिकामा कसा पाठवू?"

"तुझी गाडी घाल त्यात."

त्याला ती थट्टा वाटली. जयंतीने हॉर्नवर तळहात ठेवला आणि टेम्पो मागे सरकून फियाट गेटबाहेर पडेपर्यंत काढला नाही.