कापसातली वरात

अकोल्यात मार्ती साहेबाचा दुभाष्या होता सहदेव. साहेब स्पेन मुलखाचा. अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून वऱ्हाडात खरेदीला आलेला. मुंबईत सात वर्षं साहेबाच्या पेढीत राबून सहदेव त्याची भाषा शिकला. हुशार होता, पण मेल्याला एक खोड होती. साहेबाच्या म्हणी तो आधी शब्दाला शब्द लावून सांगायचा आणि अर्थ मागाहून.

साहेब एखाद्याला वेडा म्हणाला, की हा सांगे, "साहेब म्हणते, तू बकरीवानी हायस." साहेबाला एका मडमेनं लग्नाला नकार दिला होता, तर म्हणे, "तिनं साहेबाले भोपळे देले." गाडीवान पोट धरून हसत. हसू ओसरलं की मग हा ऐटीत खरा अर्थ सांगे. चार माणसं हसली की गड्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

त्या साली कापसाला सोन्याचा भाव. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारत. ओला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो, कधी पेटतोसुद्धा, आणि वरून काही दिसत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाव सुटली की कोण ऐकतं?

पौषातली दुपार होती. आवारात दोन पुरुष उंचीची गंजी, तिच्यावर बारा बाया कापूस तुडवत होत्या. मधोमध सहदेवची बायको जयवंता. साहेबानं गंजीच्या कुशीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. त्याचा चेहरा उतरला. सहदेवला तो म्हणाला, "मिरवणूक आतून चालली आहे," आणि पाण्यासाठी विहिरीकडे धावला.

वरून शांत आणि आत आग, असा त्या म्हणीचा अर्थ. सहदेवला तो पक्का माहीत होता.

"काय म्हणते तुहा साहेब?" वरून गंगूबाईनं विचारलं. बाराही जणी काम थांबवून त्याच्याकडे बघायला लागल्या. आणि जीभ वळायची तिकडेच वळली.

"साहेब म्हणते, कापसातून वरात चालली."

बाया खिदळल्या. "मंग नाचू ना बापा," म्हणत गंगूबाईनं पाय आपटले, तशा बाकीच्यांनीही आपटले. सहदेवनं हात वर केला. हसू ओसरलं की सांगू, म्हणून नेहमीसारखा थांबला. तोही हसत होता.

गंजी मधोमध खचली. आत वारा शिरला आणि जाळ उठला. कडेच्या अकरा जणींनी उड्या टाकल्या.

जयवंताला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत होती. तीन दिवस केळीच्या पानावर पडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "साहेब काय म्हणत होते जी?"

"आतून पेटलं म्हणत होते."

"एवढंच?"

"हो."

"मंग एवढं सांगाले किती येळ लागला असता?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि सांजेला गेली.