फोकसातलं सोयाबीन

गणपतीच्या दिवसांत वडवणीच्या वाटेनं जाणारा-येणारा सत्यभामाच्या रानाशी थांबून कौतुक करायचा. सगळंच सोयाबीन बरं होतं, पण पूर्वेच्या बांधाला लागून एक तुकडा काळाशार हिरवा, मांडीला लागेल एवढा. शेणखत लई टाकलं वाटतं, असं लोक म्हणत. टाकलं नव्हतं, पण नाही म्हणायला तिची जीभ रेटायची नाही.

दसरा जवळ आला आणि कौतुक आटलं. बाकीचं रान पिवळं पडलं, पानं झडली, शेंगा खुळखुळायला लागल्या. तो तुकडा मात्र श्रावणातच बसून राहिलेला. शेंग औषधालाही नाही. नवऱ्यानं, बंकटनं, बियाणं बोगस म्हणून दुकानदाराचा उद्धार केला. पण सगळ्या रानाला बियाणं एकाच दुकानचं, एकाच दिवशी पेरलेलं. मुकादमाचा ट्रक दसऱ्यानंतर आठ दिवसांनी दोघांना घेऊन ऊसतोडीला निघायचा. त्याआधी पीक घरात आलं नाही, तर मागं काढायला कुणी नव्हतं.

कृषी सहायक तेजश्री पाहायला आली. तिनं आधी पिकाकडं पाहिलं, मग वर. हिरवा तुकडा सुपासारखा पसरलेला, आणि त्याच्या निमुळत्या टोकाला बबनरावांचा गोठा. गोठ्याच्या पत्र्यावर जूनमध्ये बसवलेला, रात्रभर जळणारा फोकस. तेजश्रीनं सांगितलं, रात्र मोठी होत चालली हे कळल्याशिवाय सोयाबीन नीट फुलत नाही. या तुकड्याला रात्र मिळालीच नव्हती.

बबनराव माजी सरपंच. ते हसून म्हणाले, "उजेडाला कुठं बांध असतो का, सत्यभामा?" त्यांचंही खोटं नव्हतं. बिबट्याच्या बातम्या यायला लागल्यापासून त्यांच्या सुभद्राबाईंना झोप नव्हती. फोकस लागला तेव्हा कुठं डोळा लागायला लागला होता.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सत्यभामानं टेबलावर दोन झाडं ठेवली. एक वाळकं, शेंगांनी लगडलेलं. दुसरं टवटवीत आणि वांझ. ग्रामसेवकानं वही चाळली. सांडपाण्याचा नियम होता, मोकाट जनावरांचा होता, उजेडाचा नव्हता. सरपंच म्हणाले, मग करू. बबनरावांनी विचारलं, अन् बिबट्या आला तर?

"फोकस बंद करा म्हणत न्हाई मी," सत्यभामा म्हणाली. "त्याला टोपी घाला. उजेड तुमच्या गोठ्यात पाडा, माझ्या रानात कावून?"

बायकांत बसलेल्या सुभद्राबाईंनी होकाराची मान हलवली. ते पाहून बबनरावांनी बिबट्याचा विषय सोडला. टोपी कधीपासून कधीपर्यंत, ते ग्रामसेवकाला लिहायचं होतं.

"पेरणीपासून काढणीपर्यंत," ती म्हणाली. "आमी उसाला गेलो की काढा. सा महिने उजेड आमच्या रानातल्या घराच्या कुलपावर पडला तर बरंच हाय."

सभा हसली. बबनरावही हसले आणि ठराव झाला.

दुसऱ्याच दिवशी तेलाचा डबा कापून त्यांनी टोपी केली. त्या तुकड्याला आता उशीर झाला होता. सत्यभामानं बाकीचं पीक काढून मळून घेतलं, हिरवं कापून भारे बांधले आणि बबनरावांच्या गोठ्यात नेऊन टाकले.

"तुमच्याच उजेडाचं हाय," ती सुभद्राबाईंना म्हणाली.

म्हशीनं मान वर केली नाही. सुभद्राबाईंनी ताक दिलं. ते पिऊन सत्यभामानं पदराच्या गाठीतली घराची किल्ली सोडली आणि त्यांच्या हातात दिली. ट्रक परवा यायचा होता.