मोकळी लाइन

संध्याकाळची मेल सिंदीला थांबत नाही, हे फक्त टाइमटेबलाला ठाऊक होतं. नागपूरला रोज अपडाऊन करणाऱ्या कारकुनांचा अनुभव वेगळा होता. स्टेशनात नेमक्या त्याच वेळी मालगाडी कापसाच्या वाघिणी हलवत बसायची आणि मेल गावाबाहेर सिग्नलला मुकाट उभी राहायची. तेवढ्यात ही मंडळी खाली उड्या टाकायची. गार्डही दुसरीकडे बघायचा.

नरहर त्यांच्यातलाच. त्या दिवशी शेजारचे भैय्याजी ऑफिस सुटायच्या आतच त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मायची तब्येत लई बिघडली. तुलेच इचारून राह्यली. चाल."

पॅसेंजरला अजून तासभर अवकाश होता, म्हणून दोघे मेलमध्ये चढले. बोरखेडी मागे पडली तसा नरहर चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिला. पण गाडीचा वेग कमी होईना. सिग्नलचा हात खाली पडलेला होता. लाइन मोकळी होती.

"आज काऊन थांबून नाई राह्यली?" भैय्याजी म्हणाले.

नरहरच्या लक्षात आलं, अर्ज मंजूर झाला होता. मालगाडीच्या त्या घोळात पॅसेंजर रोज रखडायची, उडी न मारता येणाऱ्या मास्तरणींचे आणि म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे. वाघिणी हलवायची वेळ बदला, असा अर्ज त्यानंच लिहिला होता, अक्षर चांगलं म्हणून. साठ सह्या त्यानं दारोदार हिंडून आणल्या. मग मेलही थांबणार नाही, हे साठातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अर्जाचं पुढं काही होईल असं तरी कोणाला वाटलं होतं?

भैय्याजींनी साखळी ओढली. ती नुसतीच लोंबली. अपडाऊनवाल्यांनी ओढून ओढून तिचा जीव केव्हाच घेतला होता.

रुळालगतचं घर आलं. मायची खाट अंगणात आणून रुळाकडे तोंड करून ठेवली होती. पोरगा मेलनं येतो, सिग्नलला उतरतो, हे तिला पक्कं माहीत होतं. नरहरची मुलगी लीना तिला पाठीमागून धरून बसली होती.

"माय!"

भैय्याजींनी त्याचा सदरा घट्ट पकडला. "उडी नको मारजो, बापा."

लीनानं गाडीकडे बोट दाखवलं. मायनं हात जरासा उचलला. मग स्टेशन आलं, गेलं, आणि दोन्हीकडे नुसती कपाशी.

मायनं आपल्याला पाहिलं, की नुसती गाडीच पाहिली, एवढंच त्याला विचारायचं होतं. वर्ध्याहून उलटी गाडी धरून तो घरी पोहोचला, तेव्हा तिला भुईवर घेतलं होतं आणि उशाशी दिवा लावला होता.