आधी रेघ, मग पाना

फिटर छतावरून पडला त्याला चार दिवस झाले होते. डाव्या टाचेचा चुरा, कमरेचा एक मणका दबलेला. बेल्ट अंगावर होता, हुकही अडकवलेला होता. पॅनेलखालच्या ज्या लोखंडी रेलला अडकवला होता, ती रेलच त्याच्यासोबत खाली आली.

सोलरच्या कामात नट पुरता आवळला की त्यावर लाल मार्करने रेघ मारतात. रेघ दिसली की माणूस बिनघोर भार टाकतो. फिटरने तेच केलं. रेल बसवली होती त्याच्या मेहुण्याने.

दुपारी सुपरवायझर एक कागद घेऊन वॉर्डात आला. "बेल्ट लावला नव्हता, एवढ्यावर सही करा. मेहुण्याचं काम टिकेल, बरे झालात की तुम्हीही या."

"लावला होता."

"विचार करा. मी चहा घेऊन येतो."

मेहुणा पलंगाशी उभा होता. त्याची बहीण, फिटरची बायको, स्टुलावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या लावत होती.

"दाजी, करून टाका सही."

"नट ढिले राहिले कसे?"

"तुम्हीच शिकवलंत ना, आधी सगळ्या रेघा मारून घ्यायच्या, मग पाना. मार्कर सारखा काढायला नको. मध्येच पॅनेलची गाडी आली, खाली बोलावलं. परत चढलो तर सगळीकडे रेघा. वाटलं, झालं."

फिटरने शिकवलं होतं खरं.

"एक शिकवणारा शहाणा, एक ऐकणारा," बायको म्हणाली. "एरवी घरात कुणी कुणाचं ऐकत नाही, नेमकं हेच ऐकलं."

"उद्या त्या छतावर कोण चढणार?" फिटरने विचारलं.

"मी. आणि दोघं नवीन."

"हुक कशाला अडकवणार?"



सुपरवायझर परतला तेव्हा फिटरने कागद उलटा करून मागे लिहिलं होतं: बेल्ट लावला होता. रेघा होत्या, नट ढिले होते. ही पद्धत मी शिकवली. सगळे नट तपासल्याशिवाय कुणालाही वर चढवू नये. खाली सही.

"यानंतर तुम्हा दोघांनाही कामावर घेणार नाहीत. कळतंय ना?"

"कळतंय."

"थांबा," म्हणत बायकोने कागदाचा फोटो काढला, मगच तो सुपरवायझरच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि तिथूनच फोन लावला. "उद्या ते छत बंद ठेवा. नाही, पाऊस नाही. सांगतो नंतर."

तो गेल्यावर बायको उठली, स्टूल भावाकडे सरकवलं.

"बस. उद्यापासून कामावर उभं राहायचंय कुठे?"