पपनसाची साल

चंद्रहासराव सामंतांचं नाक दुबईच्या हॉटेलवाल्यांत नावाजलेलं होतं. तिथल्या देरा भागातल्या एका मोठ्या हॉटेलात ते बेव्हरेज मॅनेजर. तरुणपणी म्युनिकजवळच्या जुन्या ब्रुअरीत दोन वर्षं राबून आलेले. बिअरचा ग्लास नुसता नाकाशी नेला की माल ठेवायचा की परत पाठवायचा, ते सांगून मोकळे होत. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात त्यांना साधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली.

हे ठाऊक होतं फक्त कमलिनीताईंना. दूध करपून घरभर वास सुटला, तरी नवरा गॅसशेजारीच निवांत पेपर वाचत बसला होता, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. डॉक्टर म्हणाला, रोज वास घेत राहा, येईल परत, इन्शाल्ला. तेव्हापासून त्या नवऱ्याला डोळे मिटायला लावून हिंगाची डबी, कॉफी, लिंबू एकेक करून नाकाखाली धरत.

"आलं काही?"

"नाही."

"अहो, मग ऑफिसात सांगून टाका ना."

"काय सांगू? ड्रायव्हरला दिसत नाही म्हटल्यावर त्याला गाडी कोण देतो?"

यावर कमलिनीताई हिंगाच्या डबीचं झाकण लावत. चंद्रहासरावांची पन्नाशी उलटलेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मुलगी इशिता बारावीला. त्यांचं भय खोटं नव्हतं.

त्यातच हॉटेलात नवा पब उघडायचं ठरलं. तिथे कुठली बिअर ठेवायची यावरून त्यांची आणि यतीनची रोज जुंपे. यतीन हाताखालचा बार मॅनेजर, नाशिकचा, चार वर्षं अमेरिकेत ओरेगॉनला काढून आलेला. तिकडच्या छोट्या ब्रुअऱ्यांचं त्याला भारी कौतुक.

"सर, हॉप्सची ती कडू, सुवासिक फुलं जरा मोकळ्या हातानं टाकली तर बिघडलं काय?"

"कढीत कढीलिंबाची चार पानं घालतात, यतीन. अख्खं झाड घातलं तर ती कढी राहते का? जर्मन माणूस पाणी, बार्ली, हॉप्स आणि यीस्ट यांच्या पलीकडे जात नाही. आठवडेच्या आठवडे थंडीत मुरू देतो. पाचशे वर्षांचा कायदा आहे त्यांचा."

"तो जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचा, सर. बेल्जियमवाले संत्र्याची साल नि धणे टाकतात, ते पण युरोपच ना? अमेरिकेत 'असं करू नकोस' म्हणायला कुणी आजोबाच नव्हते. लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये पातेली चढवली. रेसिपी मूळची इंग्लंडचीच, फक्त बिनधास्त केली."

"बिनधास्त नाही, भडक. अत्तर आहे ते, अत्तर!"

शेवटी जनरल मॅनेजरनं दोन्हीकडची सॅम्पल्स मागवली. हा लेबनीज गृहस्थ स्वतः फक्त कॉफी पिणारा. तो म्हणाला, सामंत सांगतील ते फायनल.

दुपारी रिकाम्या पबमध्ये तिघं बसले. चंद्रहासरावांनी जर्मन बिअरचा ग्लास उचलला, डोळे मिटले. काहीच आलं नाही. पण ही बिअर त्यांना तोंडपाठ होती. "फ्रेश ब्रेड," ते ठासून म्हणाले. "मागे थोडं सुकं गवत. नथिंग शाउट्स. एकदम क्लीन."

"खलास, हबीबी! ठरलं, जर्मन," मॅनेजर खूश होऊन म्हणाला.

यतीननं त्याच बिअरचा आपला ग्लास हुंगला, चंद्रहासरावांकडे एकवार पाहिलं आणि न पिता तो खाली ठेवला.

दुसरा ग्लास चंद्रहासरावांनी उचलला तो केवळ रीत म्हणून. नाकाशी नेला आणि हात थबकला. आत कुठेतरी, अगदी खोल, पपनसाची साल सोलल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा आलं. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. ज्या बिअरला अत्तर म्हणून हिणवलं, तीच तेवढी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मग त्यांचं लक्ष यतीनच्या पहिल्या, अजून भरलेल्या ग्लासाकडे गेलं.

"यतीन, पहिल्यात काय होतं? खरं सांग."

यतीन चुळबुळला. "जाऊ दे ना, सर."

"सांग."

"ओला पुठ्ठा. माल उन्हात पडून खराब झालाय, सर. इतका वास येतोय की..." पुढचं त्यानं गिळलं.

एका वाक्यात तो बाजी मारू शकला असता, आणि साहेबांची लाज राखायला हे पोर गप्प बसलं होतं. चंद्रहासरावांना स्वतःची शरम वाटली. ते मॅनेजरकडे वळले आणि इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: सर्दी, हिंगाची डबी, पाठ म्हटलेला ब्रेड. "माय नोज इज फिनिश्ड, सर. आजपासून चॉइस यतीनचा."

मॅनेजरनं कॉफीचा कप बाजूला सारला. "सामंत, स्टोअर तुम्ही सांभाळा. टेस्टिंग तो करेल. पण पगार, पोस्ट... सहा महिन्यांनी बघू. यापेक्षा जास्त मी प्रॉमिस करत नाही."

यतीननं पबमध्ये अमेरिकन बिअर लावल्या. जर्मन पिपाला मात्र एक नळ राखून ठेवला, न विचारता. नवा माल आला त्या सकाळी त्यानं त्या नळाचा पहिला ग्लास भरला, हुंगला आणि चंद्रहासरावांसमोर ठेवला.

"फ्रेश ब्रेड, सर," तो म्हणाला. "मागे थोडं सुकं गवत."

"नक्की?"

"नक्की."

चंद्रहासरावांनी डोळे मिटून घोट घेतला.