बांगेआधीची शांतता

माघातल्या पहाटे आष्ट्याच्या उसाच्या फडांवर धुकं उतरलेलं असायचं, आणि ते धुकं दोन्ही हातांनी हलकेच बाजूला सारावं तसा हुसेनचाचांचा स्वर यायचा. पहाटेच्या नमाजाची बांग. त्या स्वरात लालित्य नव्हतं. दिवसभर चाकावर विळे-कोयते परजणाऱ्या शिकलगाराचा तो स्वर, किंचित खरखरीत, पण पात्याला धार चढताना त्यावरून उजेडाची रेघ सरकावी तसा लखलखीत. माझ्या लहानपणापासून आमच्या मोहल्ल्याची सकाळ त्या स्वरानंच उघडत आली.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला; स्वरयंत्र गेलं. गळ्याशी श्वासापुरतं एक छिद्र उरलं, त्यावर चाची मलमलीचा पातळ रुमाल बांधत. मोहल्ल्यातल्या चुलींनी कुणी न सांगता आपापली पाळी लावून घेतली. आज एका घरची पेज, उद्या दुसऱ्या घरचं सार. पण चाचा मशिदीकडं फिरकेनात. एका दुपारी मी शाळेतून शिकवून परतत होतो, तेव्हा त्यांनी मला अडवून हातात चिठ्ठी ठेवली. 'बांगेसाठी दुसरा माणूस बघा.' डोळे जमिनीकडं होते. स्वतःच्या आजाराची इतकी लाज वाटणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

शुक्रवारच्या नमाजानंतर ती चिठ्ठी मी मशिदीत जमलेल्या जमातीपुढं वाचली. साऱ्यांच्या नजरा पानाचं दुकान चालवणाऱ्या दस्तगीरकडं वळल्या; गोड गळा त्याचाच. तो सावकाश उठला.

"बांग मी देतो," तो म्हणाला, "पर चाचांच्या जाग्यावर न्हाई. त्यांच्या शेजारी उभं ऱ्हाऊन."

संध्याकाळी आम्ही पाच-सहाजण चाचांच्या दारात गेलो. दस्तगीर त्यांच्या पायांशी बसला. "आवं चाचा, तुमी निस्तं उभं ऱ्हावा. तुमी बांगेला लावता तसा कानाला हात लावल्याबिगर मी त्वांड उघडणार न्हाई."

चाचांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा उंबऱ्यातून चाची म्हणाल्या, "एवढ्या माणसांनी दारात यायचं, आन् तुमी मान हलवायची व्हय?"

दुसऱ्या पहाटे मोहल्ला बांगेआधीच जागा होता. चाचा आले. पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले. दस्तगीर त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं. कितीतरी वेळ काहीच घडेना. पाखरंही बोलत नव्हती. मग त्यांचे हात कानांपर्यंत गेले, ओठ हलले, आणि शेजारून स्वर उमटला. प्रत्येक पुकारीला चाचांच्या गळ्यावरचा रुमाल श्वासानं फुगत होता, पुन्हा बसत होता. त्या क्षणी ही हाक नेमकी कुणाच्या देहातून आभाळाकडं निघाली आहे, हे मला उमगेना. नमाजाला त्या दिवशी ओळी अंगणापर्यंत गेल्या. परतताना चाचांनी दस्तगीरचा चेहरा ओंजळीत धरला.

असे तीन हिवाळे गेले. एका चैत्रातल्या टळटळीत दुपारी चाचा गेले. दुसऱ्या पहाटे दस्तगीर आपल्या जुन्याच जागी, अर्धं पाऊल मागं उभा राहिला. अजूनही तिथंच उभा राहतो. पुढं सरक, असं त्याला कुणी म्हणालेलं नाही.

कधीकधी मी चाचांचा मूळचा स्वर आठवू पाहतो, तर तो हाती लागत नाही, काळानं तो पुसट करून टाकला आहे. पण त्यांचे हात कानांकडं जाईपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलेली ती शांतता मात्र मला अजून स्पष्ट ऐकू येते.