माझ्यात कडी अडकवू नका

मी दोर बोलतोय. शिखराखालच्या शेवटच्या बर्फाच्या भिंतीवर लोंबकळतोय. तुम्ही आलात म्हणून मला आनंद झाला, असं मुळीच समजू नका. इथे कुणालाच कुणी नको असतं. वारा ढकलतो, बर्फ पायाखालून निसटतो आणि श्वास छातीत पुरत नाही.

पाहुण्यांना शिखरावर नेणाऱ्या, फोर्त्से गावच्या ग्यालझेनने मला काठमांडूच्या बाजारातून आणलं. बटाट्याच्या पोत्यांशेजारी, कोरड्या जागी ठेवलं. एकदा बायकोने माझ्यावर धुणं वाळत घातलं, तर पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. असा माणूस.

त्याचा धाकटा भाऊ हिमकड्याखाली गाडला गेला. भावाच्या विधवेने, यांगजीने, घरी राहून शेत करावं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिने नवऱ्याच्याच बुटांत मोज्यांचे बोळे कोंबले आणि परदेशी पाहुण्यांना शिखरावर न्यायचं काम धरलं. तेव्हापासून ग्यालझेनने तिचं नाव टाकलं.

एका शरदात दोघं याच भिंतीखाली समोरासमोर आले. ग्यालझेनने खुंट्या ठोकून मला वरपर्यंत बांधलं होतं. यांगजीसोबत एक धापा टाकणारा जर्मन होता. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“हात लावायचा नाही,” ग्यालझेन म्हणाला. “नवऱ्याला खाल्लंस, तेवढं पुरे.”

“तुमचा दोर तुम्हालाच लखलाभ, भावजी.”

तिने शेजारी स्वतःचा दोर बांधला आणि पाहुण्याला घेऊन शिखराकडे गेली.

ग्यालझेनचे पाहुणे शिखर करून भिंत उतरले. मला सोडवून बर्फकुऱ्हाडीच्या आधाराने उतरायचं म्हणून तो वर थांबला. ढग खाली येत होते. त्याने वरची गाठ अर्धी सोडली, तोच कड्यावरून बर्फाचा तुकडा निखळला आणि यांगजीचा दोर कापून गेला. ती अजून त्याच्याही वर, शिखराकडे होती. खालून त्याचे पाहुणे हाका मारत होते. ग्यालझेनने गाठ पुन्हा आवळली आणि बर्फात बसून राहिला.

ती आली. जर्मनाच्या बोटांत जीव नव्हता. तुटलेला दोर तिने पाहिला.

“मागू नकोस,” ग्यालझेन म्हणाला. “मागितलास तर मला नाही म्हणावं लागेल.”

“मी कुठे मागतेय?”

त्यानेच जर्मनाच्या कमरपट्ट्याची कडी माझ्यात अडकवली. वरची खुंटी हलायला लागली, तेव्हा तो त्या खुंटीवर सगळं अंग टाकून बसला. दोघं उतरल्यावर त्याने खुंटी पुन्हा ठोकली आणि गारठलेला तो शेवटी माझ्यावरूनच खाली आला. मग मला वरून सोडवणार कोण?

“उद्या मी काढून आणते,” यांगजी म्हणाली.

“पुन्हा वर चढलीस तर तंगडी मोडीन.”

दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो थांबलाच नाही. कुणी आलं नाही. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, असं येणाऱ्या-जाणाऱ्या शेर्पांच्या गप्पांतून कळतं.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने माझी साल खाल्लीय, आतले धागे उघडे पडलेत. दमलेला माणूस समोर दिसेल तो दोर धरतो, हे मला ठाऊक आहे. मला धरू नका. मी तुटेन. तुमचा राग येतो म्हणून नाही. आता झेपत नाही म्हणून. चाकू असेल तर काढा, मला कापा आणि खाली घेऊन चला.